नाव दुकानाचे, यंत्र कोणाचे?

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला

मुंबईपासून मंगळूरपर्यंत कोकण रेल्वेची गाडी सलग धावू लागली ती २६ जानेवारी १९९८ रोजी. त्यापूर्वी रत्नागिरीचा माणूस मुंबईला जायचा तो बोटीने, नाही तर एस.टी.ने. आगगाडीच धरायची असा हट्ट असेल तर आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावे लागे. तेथे १८९१ सालीच रूळ पोहोचले होते. असे असूनही आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या घरात पत्र्याची ट्रंक उघडली, की कपड्यांच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेले एक जाडजूड, गोल, साखळीचे घड्याळ पुष्कळदा निघते आणि घरातले वडीलधारे माणूस अभिमानाने सांगते, "हे रेल्वेचं घड्याळ!" ज्या मुलखात रूळ नव्हते त्या मुलखात रेल्वेची घड्याळे आली कोठून?

उत्तर अवघड नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली आणि त्यानंतर मुंबईत जे जे उभे राहिले, गिरण्या, गोद्या, रेल्वेचे कारखाने, त्या सर्वांना माणसे पुरविली त्यांत कोकणचा वाटा मोठा. परळ आणि माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यांत, यार्डांत, गाड्यांवर आपल्याकडची माणसे राबली. निवृत्त होऊन ती गावी परतली तेव्हा त्यांच्या ट्रंकेतून घड्याळेही आली. रेल्वे येण्याच्या कितीतरी आधी रेल्वेची वेळ कोकणात आली ती अशी, चाकरमान्यांच्या खिशातून.

गेली दोन वर्षे मी या खिशातल्या घड्याळांच्या मागे आहे. ती विकत घेण्याइतका माझा खिसा मोठा नाही. मी ती पाहतो, उघडून घेतो आणि वहीत टिपतो. अशा तेवीस घड्याळांच्या नोंदी आजवर माझ्या वहीत झाल्या आहेत. त्या करताना जे कळले ते वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

खासगी नावाचे घड्याळ म्हणजे काय?

घड्याळाच्या तबकडीवर जे नाव असते ते ते बनविणाऱ्याचे, अशी आपली साधी समजूत असते. जुन्या खिशातल्या घड्याळांच्या बाबतीत ती बऱ्याच वेळा चुकीची ठरते. कारखाना दूर असे, गिऱ्हाईक येथे असे आणि दोघांच्या मध्ये दुकानदार असे. तो कारखान्याला सांगे, "घड्याळ तुमचे, पण तबकडीवर नाव माझे घाला." कारखान्याचा माल एकगठ्ठा खपे, दुकानदाराचा फायदा असा, की घड्याळ बिघडले किंवा दुसरे हवे झाले तर गिऱ्हाईक तबकडीवरचे नाव वाचून त्याच्याच दारात येई. अशा घड्याळांना संग्राहक 'खासगी नावाची घड्याळे' म्हणतात.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. एप्रिल १८९१ मध्ये ओहायो राज्यातील किप्टन या लहानशा स्टेशनाजवळ दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर झाली. एका गाडीवरच्या कर्मचाऱ्याचे घड्याळ चार मिनिटे बंद पडून पुन्हा चालू झाले होते, असे तेव्हापासून सांगितले जाते. त्या काळी तिकडे एकेरी मार्गावर कोणती गाडी कोठे थांबायची हे वेळापत्रकावर आणि खिशातल्या घड्याळावर अवलंबून असे. चार मिनिटांची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागली. या अपघातानंतर क्लीव्हलँडचे एक जवाहिरे, वेब बॉल, यांच्याकडे रेल्वेच्या घड्याळांची तपासणी सोपविण्यात आली, आणि पुढे रेल्वेच्या घड्याळासाठी कडक अटी ठरल्या. तबकडी उघडी हवी, वर झाकण नको. आकडे ठळक आणि साधे हवेत. चावी बाराच्या डोक्याशी हवी. आत किमान सतरा खडे हवेत. घड्याळ उभे, आडवे, पालथे अशा पाच स्थितींत जुळविलेले हवे. काटे फिरवायचे तर पुढची काच काढून आतला छोटा दांडा ओढावा लागावा, म्हणजे चावी देताना चुकून वेळ बदलणार नाही. आणि आठवड्यात तीस सेकंदांपेक्षा जास्त फरक पडता कामा नये.

ही शेवटची अट किती कडक आहे ते हिशेबाने पाहा. आठवड्याचे सेकंद होतात ६,०४,८००. त्यांत तीस सेकंदांची चूक म्हणजे वीस हजारांत एक. चावीच्या, स्प्रिंगवर चालणाऱ्या, घामाच्या खिशात हिंदकळणाऱ्या यंत्राकडून ही अपेक्षा होती!

गंमत अशी, की बॉलसाहेबांनी स्वतःचा कारखाना कधी काढला नाही. वॉल्थॅम, हॅमिल्टन अशा कारखान्यांकडून त्यांनी घड्याळे करवून घेतली, तपासली आणि त्यांवर आपले नाव घातले. म्हणजे अमेरिकेतले 'रेल्वेचे घड्याळ' म्हणून ज्याचा डंका वाजला तेही खासगी नावाचेच होते.

आपल्याकडची गोष्ट

आपल्याकडे घड्याळाचे काम थोडे निराळे होते. येथल्या एकेरी मार्गावर 'लाइन क्लिअर' मिळाल्याशिवाय गाडी सोडायची नाही असा नियम होता. पुढे यंत्रातून निघणारा लोखंडी गोळा ड्रायव्हरच्या हाती पडल्याशिवाय गाडी हलत नसे. त्यामुळे गाड्यांची टक्कर टाळण्याचा मुख्य भार घड्याळावर नव्हता. पण गाडी कधी आली, कधी सुटली, किती मिनिटे खोळंबली, हे गार्डाला आणि स्टेशनमास्तरला लिहून ठेवावे लागे, आणि त्या लिखाणाचा आधार घड्याळ हाच होता.

शिवाय वेळ कोणाची, हाही प्रश्न होता. एकोणिसाव्या शतकात मुंबईची वेळ वेगळी, मद्रासची वेगळी, कलकत्त्याची वेगळी. रेल्वेने मद्रासची वेळ धरली होती आणि ती मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे होती. मुंबईकर आपल्या घड्याळात पाहून निवांत निघाला, तर स्टेशनावर पोहोचेपर्यंत गाडी गेलेली असायची. १ जानेवारी १९०६ पासून देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली. पण मुंबईने आपली ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई टाइम' सहजासहजी सोडली नाही. नव्या वेळेविरुद्ध शहरात सभा झाल्या, गिरणी कामगारांनीही विरोध केला, आणि काही व्यवहारांत जुनी वेळ स्वातंत्र्यानंतरही काही काळ टिकून राहिली. अशा शहरात 'रेल्वेचे घड्याळ' बाळगणे म्हणजे एक प्रकारे दुसऱ्या राज्याची वेळ खिशात बाळगणे होते.

ही घड्याळे येत कोठून? हिंदुस्थानात ती बनत नव्हती. बंगलोरला एच.एम.टी.चा घड्याळांचा कारखाना निघाला तो १९६१ साली. त्याआधीचा माल बहुतेक स्वित्झर्लंड, इंग्लंड आणि अमेरिकेचा, आणि तबकडीवरचे नाव मात्र पुष्कळदा येथल्या दुकानाचे. फाव्र-ल्यूबा हे स्विस घराणे १८६५ साली मुंबईत आले. कलकत्त्याला कूक अँड केल्व्ही, मद्रासला पी. ऑर अँड सन्स ही दुकाने नामांकित होती. पण आपल्या बाजूला सर्वांत जास्त आढळणारे नाव म्हणजे वेस्ट एंड वॉच कंपनी.

वेस्ट एंडचे दुकान मुंबईत १८८६ साली निघाले. नाव लंडनमधल्या उंची वस्तीचे, मालक स्विस, गिऱ्हाईक हिंदी. यामागे सँ-इमिए गावचे घड्याळवाले होते. लाँजीन या प्रसिद्ध कारखान्याचे गावही तेच. म्हणून वेस्ट एंडच्या कितीतरी घड्याळांच्या पोटात लाँजीनचे यंत्र सापडते. 'क्वीन ॲन', 'मॅचलेस', 'सोवार' ही तिची ठळक नावे. त्यांपैकी 'सोवार' म्हणजे आपला 'स्वार'. पहिल्या महायुद्धात हिंदी फौजेच्या हातांवर ते घड्याळ होते. गिऱ्हाइकाच्या भाषेतला शब्द घेऊन त्याच्याच मनगटावर बांधायचा, हे त्या दुकानदारांना नेमके साधले होते.

एका घड्याळावरची चार नावे

रत्नागिरीच्या बाजारात एक वयस्क घड्याळजी आहेत. भिंग डोळ्याला लावून त्यांच्या शेजारी बसायला त्यांनी मला परवानगी दिली, म्हणून हे ज्ञान मला मिळाले. त्यांचे पहिले वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे : "बाळा, घड्याळाचं तोंड बघून हुरळू नको. पोट उघडून बघ." पोट उघडले, की एका घड्याळावर चार नावे वाचता येतात.

पहिले नाव मालकाचे. खरोखर रेल्वेने दिलेल्या घड्याळावर बहुधा रेल्वेची आद्याक्षरे असतात आणि एक क्रमांक असतो. तो तबकडीवर असेल किंवा मागच्या झाकणावर कोरलेला असेल. ही अक्षरे कालही सांगतात. जी.आय.पी. किंवा बी.बी.सी.आय. असेल तर घड्याळ ५ नोव्हेंबर १९५१ पूर्वीचे, कारण त्या दिवशी मध्य आणि पश्चिम रेल्वे अस्तित्वात आल्या. एम.एस.एम., म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा, असेल तर ते १९०८ नंतरचे. ती कंपनीच त्या साली एकत्रीकरणातून झाली. क्रमांक असण्याचा अर्थ असा, की घड्याळ माणसाचे नव्हते, कचेरीचे होते. माणसाने ते वापरायचे आणि नोकरी संपली की परत करायचे.

दुसरे नाव दुकानाचे. ते तबकडीवर असते. जुनी तबकडी तांब्याच्या पत्र्यावर मिन्याचा थर भट्टीत भाजून केलेली असते आणि अक्षरेही तशीच भाजून पक्की केलेली असतात. भिंगाखाली ती सलग, काचेसारखी दिसतात. केसाएवढी चीर गेली असेल तर ती अक्षरांतूनही जाते. हल्ली मुंबईच्या चोरबाजारात आणि इतरत्रही साध्या घड्याळावर रेल्वेची अक्षरे नव्याने रंगवून ते 'जुने रेल्वे घड्याळ' म्हणून विकले जाते. तेथे रंग पृष्ठावर बसलेला दिसतो आणि चीर असलीच तर अक्षरे तिच्या वरून जातात.

तिसरे नाव यंत्र करणाऱ्याचे. आमचे घड्याळजी ज्याला 'मशीन' म्हणतात, त्याच्या पितळी पट्टीवर ते कोरलेले असते. कधी पूर्ण नाव, कधी केवळ खूण. अमेरिकन यंत्रावर क्रमांक असतो आणि त्यावरून बनल्याचा काळ काढता येतो. येथेच खडे मोजायचे. झाकणाच्या आत धातूची मुद्रा असते. स्विस चांदीवर पूर्वी ०.८०० कसाला रानपक्ष्याची आणि ०.८७५ ला अस्वलाची मुद्रा मारीत. मुद्रा नसली तर ते बहुतेक जर्मन सिल्व्हर, म्हणजे नावात चांदी आणि पोटात तांबे, जस्त व निकेल.

चौथे नाव मात्र कोणत्याही जाहिरातीत नसते. मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने ओरखडल्यासारखी बारीक अक्षरे असतात : एखादी तारीख, दोन आकडे, एखादी सही. ज्या ज्या घड्याळजीने ते घड्याळ साफ केले त्याने पुढच्या वेळी ओळख पटावी म्हणून केलेली ती खूण. माझ्या वहीतल्या एका घड्याळात अशा सात खुणा आहेत. त्यांतली एक मोडीसारखी दिसणाऱ्या अक्षरात आहे. स्विस कारागिराने जे एकदा बनविले ते पन्नास वर्षे चालते ठेवले ते या माणसांनी. इतिहासाच्या पुस्तकात त्यांना जागा नाही. झाकणाच्या आत मात्र त्यांनी आपली जागा स्वतःच करून घेतली आहे.

आमच्या घरचे घड्याळ

आमच्याही घरी असे एक घड्याळ आहे. पणजोबा परळच्या रेल्वे कारखान्यात खलाशी होते. घड्याळाच्या तबकडीवर 'रेल्वे रेग्युलेटर' असे इंग्रजीत छापलेले आहे आणि मागच्या झाकणावर धूर सोडणारे इंजिन उठविलेले आहे. रेल्वेने त्यांना ते बक्षीस दिले, अशी घरातली पिढीजात समजूत.

घड्याळजी काकांकडे ते उघडले. आद्याक्षरे नाहीत, क्रमांक नाही, खडे नाहीत. खड्यांच्या जागी साध्या पोलादी पिना, आणि यंत्रावर 'रॉस्कॉफ' पद्धतीची खूण. रेल्वेने दिलेले ते घड्याळ नव्हे. बाजारातून विकत घेतलेले आहे. इंजिनाचे चित्र आणि 'रेल्वे' हा शब्द घालून अशी स्वस्त घड्याळे जगभर खपविली गेली, कारण रेल्वे म्हणजे अचूक वेळ असे लोकांच्या मनात बसले होते.

आता या रॉस्कॉफची कथा ऐका. जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कॉफ हे जन्माने जर्मन, धंद्याने स्वित्झर्लंडचे घड्याळवाले. साध्या कामगाराला आठवडाभराच्या मजुरीत घेता येईल असे भरवशाचे घड्याळ करायचे, हा त्यांनी ध्यास घेतला. त्यांनी यंत्रातली चाके कमी केली, महागडे खडे काढून पिना बसविल्या, चांदीऐवजी साधी धातू वापरली आणि १८६७ च्या सुमारास वीस फ्रँकांचे घड्याळ बाजारात आणले. त्याला त्यांनी नाव दिले 'प्रोलेतेर', म्हणजे कष्टकऱ्याचे घड्याळ. प्रतिष्ठित कारागिरांनी नाके मुरडली. पण घड्याळ लाखोंनी खपले आणि त्याच्या नकलाही तितक्याच झाल्या. आमच्या घरचे घड्याळ बहुधा अशीच एक नक्कल आहे.

हे कळल्यावर आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांनी स्वतःच्या पैशानं घेतलंन् होतं." मला वाटते, सगळ्या प्रकरणाचे सार तिने एका वाक्यात सांगितले. कारखान्यात भोंगा होता. खलाशाला घड्याळाची गरज नव्हती. पणजोबांना अक्षरओळख नव्हती, पगाराच्या कागदावर ते अंगठा उठवीत. पण काट्यांवरून वेळ त्यांना कळे, आणि चाळीतली मंडळी त्यांना वेळ विचारीत, असे आजी सांगते. आमच्या घराण्यात कॉलेजात आलेला मी पहिला, हे लोक मला कौतुकाने सांगतात. वाचायला शिकलेला पहिला माणूस मात्र मी नव्हे. तबकडी वाचणारे पणजोबा माझ्या आधीचे. रेल्वेने दिलेल्या बक्षिसापेक्षा मजुरीतून घेतलेले हे घड्याळ मला मोलाचे वाटते, आणि ते मोल कळले ते ऐकीव गोष्ट बाजूला ठेवून झाकण उघडले म्हणूनच.

जे आज घडते आहे

गावोगावची अशी घड्याळे आज झपाट्याने नाहीशी होत आहेत. घर पाडताना, वाटणी होताना ती भंगारात किंवा सराफाकडे जातात. केस चांदीची असेल तर सराफ ती वजनावर घेतो, यंत्र काढून टाकतो आणि केस वितळवितो. म्हणजे मालकाचा क्रमांक, मुद्रा आणि घड्याळजींच्या खुणा एका घटकेत मुशीत जातात. उरलेले यंत्र दुसऱ्याच केसमध्ये बसवून, त्यावर तिसरीच तबकडी लावून ते शौकिनाला विकले जाते. असे जोडकाम घड्याळ चालते, पण ते काही सांगत नाही.

आपल्यासारख्यांच्या घरी वंशावळ्या नाहीत, सनदा नाहीत, पत्रव्यवहार नाही. ज्यांनी मुंबई उभी केली त्यांच्याविषयी लिहिलेले फार थोडे सापडते. हजेरीपट आणि पगारपत्रके कचेऱ्यांतच राहिली किंवा रद्दीत गेली. अशा वेळी एखादे घड्याळ, एखादा बिल्ला, एखादी बोटीची ट्रंक हीच आपली कागदपत्रे होत. इतिहासाच्या तासाला आपण साधनांचा विचार करतो तेव्हा ताम्रपट आणि बखरी एवढेच डोळ्यांसमोर येते. झाकणाच्या आतली सुईची अक्षरेही त्यांच्याच पंक्तीला बसवायला हवीत, असे माझे नम्र मत आहे.

म्हणून विद्यार्थिमित्रांना एक विनंती. सुट्टीत घरी गेलात आणि असे घड्याळ निघाले, तर ते चिंचेने किंवा रांगोळीने घासू नका. चांदी चकाकेल, पण कोरलेली अक्षरे झिजतील. वर्षानुवर्षे बंद असलेल्या घड्याळाला लगेच चावी देऊ नका. आतले तेल वाळलेले असते आणि कोरडी चाके एकमेकांना खातात. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत पोलाद लवकर गंजते, म्हणून ते कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. जाणत्या घड्याळजीकडून झाकण उघडून घ्या आणि चारही नावे कागदावर उतरवा : मालक, दुकान, यंत्र आणि दुरुस्ती करणारे. त्याखाली ते घड्याळ कोणाचे होते, तो माणूस मुंबईत काय काम करीत असे, कोठे राहत असे, हे घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारून लिहा. घरची सांगी आणि घड्याळातला पुरावा जुळत नसतील तर दोन्ही लिहा.

त्यानंतर घड्याळ ठेवायचे की विकायचे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. गरज कोणाला चुकली आहे? घड्याळ विकावे लागले तर जरूर विकावे. पण ते आधी वाचावे.